डोळ्याच्या छायाचित्रावरून मोतीबिंदू मोजायचा कसा

मोतीबिंदूच्या रुग्णाचा नेत्रतज्ज्ञाला एक ठरलेला प्रश्न असतो: "पिकला का?" अख्खे नेत्रभिंग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ होती, तेव्हा या प्रश्नाला अर्थ होता. आता फेकोच्या, म्हणजे भिंग अल्ट्रासाउंडने फोडून ओढून काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या काळात मोतीबिंदू पिकू देणे उलट अडचणीचे ठरते, कारण भिंगाचा गाभा जितका टणक, तितकी तो फोडायला अल्ट्रासाउंडची ऊर्जा जास्त लागते आणि पारपटलाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पटलाच्या) आतल्या पेशींना तितका अधिक धोका पोहोचतो. पिकण्याचा प्रश्न मागे पडला, तरी "किती आहे" हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णाच्या भिंगात वर्षभरात फरक पडला का, फेकोला गाभा किती दाद देईल, शिबिरात तपासलेल्या दोनशे डोळ्यांपैकी कोणाला आधी बोलवायचे, या सगळ्यांची उत्तरे कागदावरच्या "ग्रेड दोन" या दोन शब्दांत मावत नाहीत. एकाची दोन ती दुसऱ्याची अडीच असते, आणि सकाळी दिलेली दोन संध्याकाळी त्याच डॉक्टरांकडून तीनही होऊ शकते.

हा लेख ऑप्टोमेट्रीचे विद्यार्थी, नेत्रविभागातील निवासी डॉक्टर आणि अखेरच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून "मोतीबिंदू ओळखणारा प्रोग्राम" हाती घेणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. या शेवटच्या मंडळींना एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मोतीबिंदूचा आकडा संगणकात तयार होत नाही, तो स्लिट लॅम्पसमोर, म्हणजे प्रकाशाची बारीक पट्टी टाकून डोळा तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकासमोर तयार होतो. संगणक तो फक्त वाचतो. त्यामुळे या लेखाचा बराच भाग छायाचित्र काढण्यावर खर्च झाला आहे.

पहिली पायरी: नेमके काय मोजायचे ते ठरवणे

मोतीबिंदू ही एक गोष्ट नाही. न्यूक्लिअर प्रकारात भिंगाचा गाभा धुरकट आणि पिवळा होत जातो, आणि पुढे तो तपकिरीही होतो. कॉर्टिकल प्रकारात भिंगाच्या कडेकडून मध्याकडे सायकलच्या आऱ्यांसारख्या पांढुरक्या रेषा सरकतात. पोस्टेरिअर सबकॅप्सुलर, म्हणजे बोलीतला पीएससी, हा भिंगाच्या मागच्या आवरणाला लागून बसलेला खरखरीत थर असतो. पहिल्यात प्रकाशाचे विखुरणे आणि रंग मोजायचा, तर उरलेल्या दोन्हींत क्षेत्रफळ मोजायचे. तिन्हींचा मिळून "मोतीबिंदू ४७ टक्के" असा एकच आकडा देणारा प्रोग्राम दिसला, तर तो बाजूला ठेवावा.

डोळ्यांनी पाहून दर्जा देण्याची सर्वात रुळलेली पद्धत लॉक्स-तीन (LOCS III) ही आहे. ती १९९३ साली प्रसिद्ध झाली. तीत गाभ्याचा धुरकटपणा आणि गाभ्याचा रंग यांना ०.१ ते ६.९, तर कॉर्टिकल आणि पीएससी यांना ०.१ ते ५.९ असे गुण दिले जातात. समोर प्रमाण छायाचित्रे ठेवायची आणि रुग्णाचे भिंग कोणत्या दोन छायाचित्रांच्या मध्ये बसते, ते दशांशात सांगायचे, अशी ती रीत आहे. संगणकाच्या मोजमापाची तुलना शेवटी याच प्रमाणाशी करावी लागते, म्हणून ते आधी स्वतःच्या डोळ्यांनी शिकून घ्यावे. ज्याला लॉक्स वाचता येत नाही, त्याला आपला प्रोग्राम कुठे चुकतो आहे, हे कळणारच नाही.

दुसरी पायरी: कोणते छायाचित्र

गाभ्यासाठी स्लिट लॅम्पच्या तिरप्या प्रकाशपट्टीचे छायाचित्र घ्यावे. कॉर्टिकल आणि पीएससीसाठी रेट्रोइल्युमिनेशनचे छायाचित्र लागते, म्हणजे दृष्टिपटलावरून परतणाऱ्या तांबूस प्रकाशासमोर भिंगातले डाग सावलीसारखे दिसतात ते. सामान्य रुग्णालयातल्या साधनांत एवढे पुरते, आणि पुढची कृती याच दोन छायाचित्रांवर बेतलेली आहे.

जिथे पेंटाकॅम हे डोळ्याच्या पुढच्या भागाचे छेद टिपणारे यंत्र आहे, तिथे गाभ्याचे काम सोपे होते. त्याचा कॅमेरा शाइमफ्लुग तत्त्वावर चालतो. ऑस्ट्रियाच्या सैन्यातले अधिकारी थिओडोर शाइमफ्लुग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हवाई छायाचित्रांतली विकृती काढण्यासाठी मांडलेले हे तत्त्व आहे. कॅमेऱ्याचे भिंग आणि प्रतिमेचे प्रतल तिरके ठेवले, तर पारपटलापासून भिंगाच्या मागच्या भागापर्यंतचा तिरका छेद एकदम स्पष्ट येतो. हे यंत्र निळा प्रकाश वापरते आणि भिंगाची घनता ० ते १०० या पट्टीवर देते. पण गाभा फार दाट असेल, तर निळा प्रकाश पुढेच अडतो आणि मागचा भाग अंधारात जातो. पीएससीच्या बाबतीत म्हणूनच या यंत्रावर फार विसंबू नये. इन्फ्रारेड प्रकाशावर चालणारे, छेद दाखवणारे ओसीटी हे यंत्र अधिक खोल जाते, मात्र त्याला पिवळेपणा दिसत नाही.

दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्यामागच्या पडद्याच्या (फंडसच्या) छायाचित्रावरून मोतीबिंदू "मोजण्याचे" प्रयोग बरेच होतात, कारण तशी छायाचित्रे फुकट आणि भरपूर मिळतात. त्यांत मोजला जातो तो धूसरपणा. बाहुली लहान राहिली, पारपटलावर फूल पडलेले असले, काचाभ द्रवात रक्त उतरले किंवा नुसता फोकस चुकला, तरी पडदा धूसरच दिसतो. मोबाइलने समोरून काढलेल्या साध्या छायाचित्रात तर पांढराशुभ्र, पूर्ण पिकलेला मोतीबिंदू तेवढा ओळखता येतो, आणि तो ओळखायला संगणकाची गरज नसते. घरातली माणसे तो आधीच पाहून मोकळी झालेली असतात.

तिसरी पायरी: छायाचित्र काढणे

बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकण्यापूर्वी डोळ्याचा पुढचा कोन अरुंद नाही, हे नेत्रतज्ज्ञाने पाहिलेले असले पाहिजे. ट्रॉपिकामाइडने साधारण वीस-तीस मिनिटांत बाहुली उघडते. मधुमेहाच्या जुन्या रुग्णांत ती हटवादीपणे लहान राहते. कॉर्टिकल मोतीबिंदू कडेपासून सुरू होतो. त्यामुळे बाहुली ५ मिमीवरच थांबली असेल, तर आयरिसच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या) आड लपलेल्या रेषा मोजल्याच जाणार नाहीत आणि आकडा शून्याजवळ येईल. ते शून्य खोटे असते. प्रत्येक मोजमापाशेजारी बाहुलीचा व्यास लिहायचाच, हा नियम त्यासाठी आहे.

कॅमेऱ्यात आपोआप काहीही चालू ठेवू नये. आयएसओ, शटर, फ्लॅशची शक्ती आणि व्हाइट बॅलन्स हाताने एकदा ठरवून त्यांची नोंद स्लिट लॅम्पवरच चिकटवावी. ऑटो एक्स्पोजरचे काम प्रत्येक चित्र सारखे उजळ दिसावे असे बघण्याचे असते, आणि आपल्याला तर उजळपणातला फरकच मोजायचा आहे. जमेल तिथे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात साठवावे. जेपेगमधला अंक प्रकाशाच्या प्रमाणात नसतो. प्रमाणित एसआरजीबी वक्रानुसार ० ते २५५ मधला १२८ हा अंक निम्म्या प्रकाशाचा वाटतो, पण प्रत्यक्षात तो सुमारे २२ टक्के प्रकाशाचा असतो, आणि निम्मा प्रकाश १८८ च्या आसपास येतो. या वक्राच्या वर कॅमेऱ्याची कंपनी स्वतःची रंगरंगोटी चढवते ती वेगळीच.

गाभ्याच्या छायाचित्रासाठी प्रकाशपट्टी बारीक आणि उभी ठेवून ती ४५ अंशांच्या कोनातून टाकावी, आणि फोकस गाभ्याच्या मध्यावर ठेवावा. पट्टीची रुंदी आणि उंची कायम एकच ठेवावी. रेट्रोइल्युमिनेशनची छायाचित्रे प्रत्येक डोळ्याची दोन लागतात: एक फोकस बाहुलीच्या कडेवर ठेवून आणि दुसरे मागच्या आवरणावर ठेवून. पीएससी दुसऱ्यात रेखीव आणि पहिल्यात अस्पष्ट दिसतो. तो ओळखण्याची याहून साधी खूण नाही.

प्रत्येक सत्राच्या आरंभी त्याच मांडणीत दोन छायाचित्रे वाया गेली तरी चालतील, पण ती घ्यावीत. एक राखाडी संदर्भपत्राचे, कारण त्यावरून त्या दिवशी दिवा किती उजळ होता ते कळते; दुसरे मिलिमीटरच्या पट्टीचे, कारण त्यावरून एका मिलिमीटरला किती पिक्सेल ते कळते. हा शहाणपणा मला फुकट मिळालेला नाही. एका कामात अर्ध्या रुग्णांची छायाचित्रे झाल्यावर स्लिट लॅम्पचा हॅलोजन दिवा गेला आणि त्या जागी एलईडी आला. एलईडीचा प्रकाश अधिक पांढरा असतो, आणि व्हाइट बॅलन्स होता तसाच होता. नंतरच्या सगळ्या रुग्णांचे गाभे कागदोपत्री कमी पिवळे झाले. संदर्भपत्राची छायाचित्रे नसल्याने दुरुस्तीला वाव नव्हता, आणि रंगाची सगळी मोजमापे टाकून द्यावी लागली.

चौथी पायरी: गाभ्याची घनता

यासाठी इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅसबँड यांनी ते घडवले. छायाचित्र उघडून "सेट स्केल"मध्ये पट्टीवरून मिळालेले प्रमाण भरावे. मग ते ८ बिटच्या करड्या चित्रात बदलावे, आणि हा बदल सरासरीने केला की वजन देऊन केला, ते लिहून ठेवावे. इमेज-जे मूळ स्थितीत लाल, हिरवा आणि निळा यांची साधी सरासरी घेते.

चित्रात आधी पारपटलाची उजळ कमान, मग काळोखी पोकळी, मग भिंगाची पुढची कड, कॉर्टेक्स आणि गाभा असा क्रम दिसतो. गाभ्याच्या मध्यावर, दृष्टीच्या अक्षाला धरून, ठरावीक मापाचा लंबगोल ठेवावा आणि "मेझर"ने आतली सरासरी काढावी. लंबगोल दरवेळी हाताने काढू नये. त्याचे माप साठवून तोच पुन्हा आणावा, नाहीतर हाताच्या चुकीलाच आपण मोतीबिंदू म्हणू. चित्रात दिव्याचे परावर्तन गाभ्यावर पडले असेल, तर ते सरासरी फुगवते. २५५ ला टेकलेले पिक्सेल लंबगोलात आले, तर ते चित्र नाकारावे.

चित्र जेपेग असेल, तर मिळालेली सरासरी आधी वर सांगितलेल्या वक्रातून उलटी काढून प्रकाशाच्या मापात आणावी, आणि त्या दिवसाच्या संदर्भपत्राच्या मापाने भागावी. काही जण त्याच चित्रातल्या पारपटलाच्या उजळपणाने भागतात. ते सोयीचे आहे, पण उतारवयात पारपटलाच्या कडेला पांढरी कमान येते आणि काहींच्या पारपटलावर जुने व्रण असतात, म्हणजे संदर्भच रुग्णागणिक बदलतो. रंगासाठी त्याच लंबगोलातील लाल आणि निळ्या अंकांचे गुणोत्तर घ्यावे. गाभा पिवळा होत जातो तसा निळा प्रकाश गिळला जातो, आणि गुणोत्तर वाढत जाते.

पाचवी पायरी: कॉर्टिकल आणि पीएससीचे क्षेत्रफळ

इथे डोळसपणे काम करावे लागते, म्हणून थोडे सावकाश पाहू.

रेट्रोइल्युमिनेशनच्या चित्रात लाल रंग बहुधा कमाल मर्यादेला टेकतो. हिस्टोग्राम पाहून जो रंग टेकलेला नाही आणि ज्यात डाग उठून दिसतात, तो निवडावा. बरेचदा तो हिरवा निघतो. बाहुलीच्या कडेवर वर्तुळ बसवून "क्लिअर आउटसाइड"ने बाहेरचे सगळे पुसून टाकावे, म्हणजे पापण्यांचे केस मोतीबिंदूत मोजले जात नाहीत. पायथनमध्ये हेच काम हफ रूपांतराने (चित्रातली वर्तुळे शोधण्याच्या रीतीने) करता येते, पण प्रत्येक वर्तुळ एकदा डोळ्यांखालून घालावेच. दिव्याच्या परावर्तनाचा ठिपका वेगळा झाकून एकूण क्षेत्रफळातून वजा करावा. तो उजळ असल्याने प्रोग्राम त्या जागेला स्वच्छ भिंग समजतो आणि त्याखालचा डाग हिशेबातून सुटतो.

पुढचा सापळा पार्श्वभूमीचा आहे. तांबूस प्रकाश सगळीकडे सारखा नसतो. त्यातच न्यूक्लिअर मोतीबिंदू असेल, तर चित्राचा मध्य मुळात काळपट येतो, आणि चित्राला एकच उंबरठा (ज्याहून गडद तो डाग, असा अंक) लावला, मग तो १९७९ सालच्या ओत्सूच्या पद्धतीने काढलेला का असेना, तर प्रोग्राम त्या काळपटपणाला पीएससी म्हणून मोकळा होतो. उपाय म्हणून "सबट्रॅक्ट बॅकग्राउंड" वापरतात. डाग गडद आणि भोवताल उजळ असल्याने त्यात "लाइट बॅकग्राउंड"वर खूण करायला विसरू नये, आणि त्रिज्या सर्वात मोठ्या अपेक्षित डागापेक्षा मोठी ठेवावी. त्रिज्या लहान ठेवली, की मोठा पीएससी स्वतःच पार्श्वभूमी ठरतो आणि पुसला जातो. चित्र स्वच्छ दिसते, मोजणारा खूश होतो, आणि डाग गेलेला असतो. त्यानंतर स्थानिक उंबरठा लावून "ॲनलाइझ पार्टिकल्स"ने क्षेत्रफळ काढावे.

आता एक हिशेब. समजा बाहुलीचा व्यास ७ मिमी आणि चित्रात तो १४०० पिक्सेल आहे. बाहुलीचे क्षेत्रफळ सुमारे १५,३९,००० पिक्सेल झाले. मध्यावर २ मिमी व्यासाचा गोल पीएससी असेल, तर तो सुमारे १,२६,००० पिक्सेल व्यापतो, म्हणजे ८ टक्के. अहवालात ८ टक्के वाचून कोणीही मान डोलावून पुढे जाईल. पण उन्हात बाहुली आकुंचन पावून जो मधला ३ मिमीचा भाग कामाला येतो, त्यातला ४४ टक्के याच डागाने व्यापलेला असतो. समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले की काही दिसत नाही, असे हा रुग्ण सांगतो ते उगाच नाही. उलट कडेच्या कॉर्टिकल रेषा २० टक्के जागा व्यापूनही दृष्टी चांगली राहू शकते. म्हणून क्षेत्रफळ नेहमी दोन आकड्यांत द्यावे: पूर्ण बाहुलीचे आणि मधल्या ३ मिमीचे.

जाता जाता एवढे ध्यानात ठेवावे, की पारपटलातून पाहताना बाहुली प्रत्यक्षापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी मोठी दिसते. दोन क्षेत्रफळांच्या गुणोत्तराला याने फारसा धक्का लागत नाही, पण मिलिमीटरमधले आकडे छापताना ते "दिसणारे" माप आहे, असे म्हणावे.

सहावी पायरी: आकड्यावर विश्वास किती

ही पायरी बहुतेक प्रकल्पांत गाळलेली दिसते, आणि माझ्या मते ती नसेल, तर बाकीच्या पायऱ्या करण्यात अर्थ नाही. तीसेक डोळ्यांचे छायाचित्र काढावे, रुग्णाला हनुवटी उचलून उठायला सांगावे, पुन्हा बसवावे आणि पुन्हा काढावे. दोन्ही चित्रे स्वतंत्रपणे मोजावीत. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली लोकांपर्यंत पोहोचवलेल्या पद्धतीने दोन मोजमापांच्या फरकाचे प्रमाण विचलन काढून त्याला १.९६ ने गुणावे. समजा मोजमापे लॉक्सच्या पट्टीवर आणल्यावर ते विचलन ०.१५ आले, तर मर्यादा जवळपास ०.३ झाली. मग सहा महिन्यांनी २.४ चा २.६ झाला, म्हणून "मोतीबिंदू वाढला" असे रुग्णाला सांगण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

त्यानंतर तज्ज्ञांशी तुलना करायची. किमान दोन तज्ज्ञांनी, एकमेकांचे गुण न पाहता, तीच चित्रे वाचलेली असावीत. संगणक आणि तज्ज्ञ यांच्यातला फरक दोन तज्ज्ञांमधल्या फरकाइतका आला, तर काम झाले. नुसता सहसंबंध छापू नये, कारण सगळे गुण अर्ध्याने चुकलेले असले, तरी सहसंबंध उत्तमच येतो.

सातवी पायरी: शिकणारा संगणक

एवढे झाल्यावर, आणि हजारोंनी चित्रे असतील तरच, डीप लर्निंगकडे वळावे. सिंगापूरच्या संशोधकांनी न्यूक्लिअर मोतीबिंदूची पाच हजारांहून अधिक स्लिट लॅम्प चित्रे तज्ज्ञांच्या दशांशातल्या गुणांसह वापरून हे काम केले, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ८८ टक्क्यांहून अधिक चित्रांत संगणकाची चूक अर्ध्या गुणाच्या आत राहिल्याचे दाखवले. चित्रे एका ठरलेल्या पद्धतीने काढलेली होती, हे या यशामागे आहे, आणि आपल्याकडच्या प्रकल्पांत नेमके तेच नसते.

नेहमीच्या चुका तीन. एकाच रुग्णाचा उजवा डोळा शिकवण्याच्या गटात आणि डावा तपासण्याच्या गटात जातो. वाटणी डोळ्यांची न करता माणसांची करावी. मोतीबिंदूची चित्रे एका कॅमेऱ्याची आणि निरोगी डोळ्यांची दुसऱ्या कॅमेऱ्याची असली, की संगणक कॅमेरा ओळखायला शिकतो आणि ९९ टक्के अचूकता मिरवतो. तिसरी चूक चित्र लहान करण्याची. बाहुलीने भरलेले १४०० पिक्सेलचे चित्र २२४ वर आणले, की ०.१ मिमीचा डाग २० पिक्सेलवरून तीनवर येतो, आणि सुरुवातीचा पीएससी तर असाच असतो.

परवानग्यांचा भाग थोडक्यात. नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती आधी घ्यावी. २०२३ साली आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) आरोग्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, ती वाचावीत. आयरिसचे छायाचित्र हीच ओळख असते, आधारची यंत्रणा तिच्यावरही चालते. म्हणून फाइलचे नाव काढून टाकले, म्हणजे रुग्ण अनामिक झाला, असे समजू नये. रुग्णावरचा निर्णय प्रोग्रामच्या आकड्यावर घ्यायचा असेल, तर सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरण ठरते आणि २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांच्या कक्षेत येते.

शेवटी नोंद कशी दिसावी, ते एका काल्पनिक ओळीत दाखवतो. "उजवा डोळा, बाहुली ६.८ मिमी, गाभा लॉक्सच्या पट्टीवर २.६, पुनरावृत्तीची मर्यादा ०.३, कॉर्टिकल पूर्ण बाहुलीत १४ टक्के, मधल्या ३ मिमीत २ टक्के, पीएससी नाही, दिवा एलईडी, संदर्भपत्र त्याच दिवसाचे, चित्र एक नाकारले, कारण परावर्तन." ही ओळ वाचणारा नेत्रतज्ज्ञ पुढच्या वर्षी त्याच डोळ्याची दुसरी ओळ शेजारी ठेवू शकतो. शस्त्रक्रिया करायची की नाही, हे मात्र तो रुग्णाला विचारून ठरवतो: सुईत दोरा ओवता येतो का, रात्री रस्ता ओलांडता येतो का, आणि एसटीची पाटी किती लांबून वाचता येते.